भिंतीपासून चोवीस फूट

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. लोक मला घाबरत. निवृत्तीच्या दिवशी एका ऑपरेटरने भाषणात सांगितलं, ‘साळवेसाहेबांनी स्वतःच्या लग्नाची अंगठीही व्हर्नियरने मोजली असणार.’ सगळे हसले. मोजली होती.

पण मी आज लिहितोय ते त्या नोकरीबद्दल नाही. माझी दुसरी नोकरी बिनपगारी होती आणि तिथे अपमान जास्त होता. आमच्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीचा मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी होतो. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून दर रविवारी तिथेच बसायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं चर्च अँग्लिकन वळणाचं, इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं. बिशप दूर असतात, पाळकसाहेब दर चार-पाच वर्षांनी बदलतात, आणि चर्च मात्र जागच्या जागी राहतं. ते राखायला मंडळीतून निवडून आलेली बारा माणसं असतात. प्रार्थना, उपदेश, प्रभुभोजन हे पाळकांचं. बाकी सगळं कमिटीचं. गळणारं छप्पर, बाकांना लागलेली वाळवी, नाताळच्या केकमध्ये बेदाणे किती, लग्न सकाळी की संध्याकाळी, आणि माणूस गेला की त्याला जागा कुठे द्यायची. एका पाळकांचा उपदेश फार लांबायचा, तेव्हा त्यांचं मन दुखवायचं नाही म्हणून कमिटीने तो विषय ‘वीज बचत’ या नावाखाली घेतला होता. त्यांनी मोठ्या मनाने पंखे बंद केले आणि उपदेश तेवढाच ठेवला.

सेक्रेटरीचं खरं कसब इतिवृत्त लिहिण्यात असतं. सभेत जे झालं ते लिहायचं, पण बारा जणांनी पुढच्या महिन्यात त्याखाली सही केली पाहिजे असं लिहायचं. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे आवाज रस्त्यापर्यंत गेला. ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ म्हणजे एक जण भांडून आधीच घरी गेला होता. आणि ‘विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले’ म्हणजे पाळकांनी घाईघाईने शेवटची प्रार्थना सुरू केली, कारण प्रार्थनेत कोणी बोलत नाही.

या तिसऱ्या वाक्याचे बहुतेक उपयोग दोन माणसांमुळे झाले. एक त्रिभुवन सर, निवृत्त मुख्याध्यापक. दुसरे उजागरे साहेब, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. सर त्यांना ‘ओव्हरसियर’ म्हणत आणि ते सरांना ‘मास्तर’. दोघेही शब्द असे उच्चारत की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. उजागरे ठराव आणत आणि सर हरकत घेत. सरांची हरकत नेहमी लेखी असे, एका ओळीची, वहीचा कागद पट्टीने फाडून. ‘फाटकाला हिरवा रंग देण्यास माझी हरकत आहे.’ कारण विचारलं तर म्हणत, ‘कारण विचारलंस म्हणजे तुलाही शंका आहे.’

उजागऱ्यांचा सगळ्यात गाजलेला ठराव दफनभूमीचा. आमची दफनभूमी चर्चच्या मागेच आहे, लहान, आणि भरत आलेली. उजागऱ्यांनी तिचा नकाशा काढला, निळ्या शाईत, प्रत्येक कबरीला नंबर घालून. ठराव असा, की पहिल्या मातीला चौदा वर्षं झाली की तीच कबर उघडून त्याच कुटुंबातल्या माणसाला तिथे जागा द्यावी. नवरा-बायको एकाच कबरीत. जागा निम्मी वाचते. अनेक ठिकाणी हेच करतात, यात नवं काही नव्हतं.

सर उभे राहिले. त्यांच्या पत्नी, सिव्हिल हॉस्पिटलच्या मेट्रन मार्थाबाई, यांना तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या कबरीला लागून सरांनी स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती. रजिस्टरमध्ये फक्त तशी नोंद, जमिनीवर खूण काहीही नाही. खुणा आम्ही बंद केल्या होत्या, कारण एका गृहस्थांनी आपल्या राखीव जागेवर स्वतःच्या नावाचा दगडच बसवला, जन्मसाल घालून पुढे मोकळी जागा ठेवून, आणि रविवार शाळेतली मुलं त्यांना रस्त्यात पाहून पळायला लागली.

‘माझ्या संसाराचं ओझं मार्थाने चाळीस वर्षं उचललं,’ सर म्हणाले. ‘आता पुन्हा मी तिच्या उरावर निजायचं? हरकत.’

उजागरे नकाशावरून मान वर न करता म्हणाले, ‘मग आधी तुम्ही जायचं होतं, मास्तर.’

विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले. पाळकांनी त्या दिवशी प्रार्थना इतकी लांबवली की बाहेर वॉचमन कुलूप घेऊन ताटकळत राहिला. उजागऱ्यांनी हा ठराव ओळीने सात वर्षं आणला. सात वर्षं सरांचा कागद आला. सातही कागद मी इतिवृत्ताच्या वहीला टाचून ठेवले आहेत.

मधल्या काळात सिंहस्थाच्या तयारीत आमच्या मागचा रस्ता रुंद झाला आणि दफनभूमीची सहा फुटांची पट्टी त्यात गेली. त्या पट्टीत कबरी नव्हत्या, नुसतं गवत होतं. जुनी भिंत पाडून सहा फूट आत नवी बांधली. या भिंतीवर कमिटीने तीन सभा घेतल्या. उंची किती, वर काचा लावायच्या का, फाटकावर कुठलं वचन लिहायचं. उजागरे वचनाचं अक्षर किती इंचाचं इथपर्यंत पोचले. सरांनी हरकत घेतली. ताबा-पत्रावर सेक्रेटरी म्हणून सही माझी. आणि या तीन सभांमध्ये बारापैकी एकाच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, ती अशी की आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कबरीचं अंतर ‘भिंतीपासून’ मोजलेलं आहे.

मेमध्ये उजागरे साहेब गेले. सकाळी चहा पिताना, बोलता बोलता. माझ्याकडे फोन आला तेव्हा मी रजिस्टर काढलं. तिसऱ्या ओळीतली पुढची मोकळी जागा, भिंतीपासून चोवीस फूट. तिच्यापुढे तीस फुटांवर सरांची राखीव, आणि छत्तीसवर मार्थाबाई. म्हणजे हे दोघे शेवटी शेजारी येणार होते, हे पाहून मला हसूही आलं. ते हसू मी आजतागायत विसरलेलो नाही. मी चिठ्ठीवर ‘तिसरी ओळ, भिंतीपासून चोवीस फूट’ असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि स्वतःची टेप बरोबर देऊन पाठवली. वर्षानुवर्षं खणणारा म्हातारा आदल्या साली थकून गावी गेला होता. त्याच्या जागी दिंडोरीकडचा लक्ष्मण आला होता, नवा आणि शब्दाला पक्का. त्याने टेप भिंतीला लावली. नव्या भिंतीला.

मी दिवसभर पेटी, फुलं, गाडी, पाळक यांच्यामागे. दफनभूमीत पाय ठेवला तो संध्याकाळी पाचला, पेटीच्या मागे. लांबून मार्थाबाईंचा पांढरा दगड दिसला आणि त्याला अगदी चिकटून, सरांच्या राखीव जागेत, मातीचा ताजा ढीग दिसला. एकतीस वर्षं मी मायक्रॉन मोजले आणि एका दुपारी सहा फूट चुकलो.

मी सरांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या मधोमध ओव्हरसियर उतरत होते. मी वाट पाहत होतो की आता खिशातून कागद निघेल. निघाला नाही. सरांनी गीत मोठ्याने म्हटलं, सगळी कडवी, पुस्तकात न बघता. रांगेत उभं राहून मूठभर माती टाकली. उजागरेबाईंना, म्हणजे कमलबाईंना, ‘सलाम’ केला आणि चालत घरी गेले.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी मला कागद दिला. पट्टीने फाडलेला. त्यावर लिहिलं होतं, ‘माझी जागा कुठे आहे ते कळवावे.’

मी म्हणालो, ‘सर, भिंत सरकल्यामुळे जरा घोटाळा झाला.’

‘भिंत आपण होऊन सरकत नाही,’ ते म्हणाले. ‘आणि घाई आहे. डॉक्टरांनी हृदयाची झडप बघितली. ऑपरेशन सोसणार नाही म्हणाले. दिवाळीचं बोलतायत, तेही चाचरत.’

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने कमिटीकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेही बायकोजवळची जागा, आणि ती मी दुसऱ्याला देऊन बसलो होतो. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, ‘सरळ सांगा ना त्यांना, तुमची चूक झाली म्हणून.’ मी सांगितलं नाही. मी खास सभा बोलावली. कमिटीवाला माणूस संकटात देवाआधी सभा बोलावतो.

सभेला कमलबाईंना निमंत्रण होतं. त्या मांडीवर कापडी पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या. पाळक निफाडकडचे तरुण गृहस्थ, येऊन चारच महिने झालेले. त्यांनी हळूच विषय काढला, की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर उजागरे साहेबांना एक जागा अलीकडे घेता येईल.

कमलबाई म्हणाल्या, ‘मी त्यांना एकदा पोचवलं. पुन्हा पोचवायला लावू नका.’

कोणी काही बोलायच्या आत सर म्हणाले, ‘बरोबर आहे. हलवायचं नाही.’

मग मार्थाबाईंच्या दुसऱ्या बाजूचा विचार झाला. तिथे कडुनिंब आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. एक सभासद म्हणाला, झाड तोडू. दुसरा म्हणाला, झाडाला परवानगी लागते. तिसरा म्हणाला, सरांना मार्थाबाईंच्या पायथ्याशी द्या. सर म्हणाले, ‘पायथ्याशी मी जिवंतपणी होतो.’ सगळे हसले. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की उपाय एकच आहे आणि तो सात वेळा वहीत पुढे ढकलला गेला आहे. पण तो सरांसमोर उच्चारायची कोणाची छाती होईना. मी पेनाचं टोपण काढत होतो आणि घालत होतो. पाळकांनी हात जोडायला घेतले, म्हणजे प्रार्थना सुरू होणार होती.

तेवढ्यात कमलबाईंनी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली.

‘ही घरात पडून होती,’ त्या म्हणाल्या. ‘सात वेळा त्यांनी आणली. आठव्यांदा मी आणलीये.’

सरांनी फाईल ओढून घेतली, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. आम्ही बाकी सगळे एका माणसाला वाचताना बघत बसलो. त्यांनी ठराव वाचला, पोटकलमं वाचली, नकाशाची घडी उघडून टेबलावर पसरली आणि मार्थाबाईंच्या नंबरावर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथेच होतं.

‘नकाशा चांगला काढलाय,’ ते म्हणाले. ओव्हरसियरबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली स्तुती.

कमलबाईंनी विचारलं, ‘मग सर, वर निजायचं काय?’

‘सकाळी मार्थाला विचारून आलो.’

‘काय म्हणाल्या?’

‘नेहमीचंच. तुम्ही आधी ठरवता आणि मग मला विचारता, म्हणाली.’

कमलबाई पदराआड हसल्या. नवरा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

सर माझ्याकडे वळले. ‘लिही. सूचक, दानियेल उजागरे. अनुमोदक, शांतवन त्रिभुवन.’

माझ्यातला इन्स्पेक्टर नको तेव्हा जागा होतो. मी म्हणालो, ‘सर, मयत सभासदाला सूचक होता येत नाही.’

‘नियम दाखव.’

मी घटनेची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. असा नियमच नव्हता. मेलेला माणूस ठराव आणेल असं कोणाला सुचलंच नव्हतं. पाळकांनी माझ्या हातातून पुस्तिका घेतली आणि मिटून ठेवली. ठराव एकमताने मंजूर झाला.

‘आणि माझे ते सात कागद काढू नकोस,’ सरांनी जाताना बजावलं. ‘तेव्हाही मी बरोबरच होतो.’

चार दिवसांनी इतिवृत्तावर सही घ्यायला मी सरांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. ते ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. पायावर सूज दिसत होती. त्यांनी इतिवृत्त दोनदा वाचलं आणि सही केली. मी वही काखेत घेतली, निघालो आणि फाटकातून परत आलो.

‘सर, चूक भिंतीची नव्हती. चिठ्ठी मी लिहिली. ताबा-पत्रावरही माझीच सही होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं.’

‘मला माहीत आहे. अक्षर तुझं होतं. खाली दोन रेघा.’

‘तुम्ही चिठ्ठी कुठे पाहिलीत?’

सरांनी पेपराची घडी घातली. ‘मी रोज सकाळी तिथे जातो ना. त्या दिवशी अकराला पोचलो. तुझा तो लक्ष्मण माझ्या जागेत उभा. गुडघाभर खणून झालं होतं. विचारलं, कोणासाठी रे? तर म्हणाला, चिठ्ठी हाय माझ्याकडं, चोवीस फूट, उजागरे साहेब. चिठ्ठी दाखवली त्याने मला.’

‘म्हणजे सकाळीच... सर, तेव्हाच एक फोन करायचा होता. दुसरीकडे खणून घेतलं असतं. चारपर्यंत झालं असतं.’

‘मी हरकत घेतली असती तर तू कमिटी बोलावली असतीस.’

बोलावली असती.

‘मे महिना होता,’ सर म्हणाले. ‘ओव्हरसियर घरात बर्फावर. कमलबाई शेजारी बसलेल्या. आणि आपण अकरा जण टेप घेऊन भांडत उभे. किती वेळ लागला असता, तूच सांग. माणसाची माती अडवायची नसते, साळवे. फाटकाचा रंग अडवायचा.’

‘मग तुम्ही काय केलंत?’

‘काय करणार? पोरगा कडा वाकड्या काढत होता. अर्धा तास उभं राहून सरळ करून घेतल्या.’

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. माझे डोळे भरून आले हे लिहायला मला लाज वाटत नाही. सरांनी मला रडू दिलं आणि पुन्हा पेपर उघडला. मग पेपराआडून म्हणाले, ‘हे इतिवृत्तात घ्यायचं नाही. लोकांना वाटेल म्हातारा एकदा हरकत घ्यायला विसरला.’

घेतलं नाही. डॉक्टरांचा दिवाळीचा अंदाज सरांनी अमान्य केला आणि ते नाताळच्या आठवड्यात गेले. ठरावाप्रमाणे मार्थाबाईंची कबर उघडली. लक्ष्मण टेप घेऊन आला, मी ती खिशात ठेवायला सांगितली. कडा मात्र उभं राहून सरळ करून घेतल्या.

कमिटीतून मी आता बाहेर आहे. या अंकाच्या संपादकांनी लिहा म्हणून गळ घातली तेव्हा दोन महिने टाळाटाळ केली, कारण सरांनी नको म्हटलेली गोष्ट छापायची होती. आज अखेर पाकीट बंद करतोय. त्यांना विचारता येत नाही म्हणून परवा कमलबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, ‘लिहा की. हरकत घ्यायला आता आहे कोण?’

एकोणीस वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होतो. आला, आणि मला तो मुळीच आवडलेला नाही.